विदर्भाचा पहिला रणजी करंडक

महाराष्ट्र राज्य एक असलं तरी रणजी करंडकात त्याचे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ठाणे, कल्याण, पालघर हा पट्टा मुंबईत मोडतो. म्हणूनच पालघरचा शार्दूल ठाकूर आणि कल्याणचा तुषार देशपांडे मुंबईची टोपी घालून खेळले. या पट्ट्यातल्या पोरांसाठी क्रिकेटची वाट पहाटेच्या लोकलने दादर-चर्चगेटकडे जाते, आणि वाटेत विजेत्यांची नावं पावलोपावली भेटतात. मुंबईच्या कपाटात २०१७पर्यंत ४१ रणजी करंडक जमा झाले होते. विदर्भाच्या कपाटात एकही नव्हता.

विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळत होता. साठ वर्षांत या संघाला उपांत्य फेरीचंही तोंड दिसलं नव्हतं. मोठ्या संघांच्या लेखी नागपूरचा सामना म्हणजे हक्काचे गुण. गुणी खेळाडू निपजत, पण संघ मागेच राही. वास्तविक भारताचा पहिला कसोटी कर्णधार नागपूरनेच दिला होता. सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला. पण त्यांची कारकीर्द फुलली ती इंदूरच्या होळकरांच्या आश्रयाला, आणि रणजी करंडक त्यांनी चार वेळा उचलला तो होळकर संघाचा कर्णधार म्हणून. विदर्भातून थेट कसोटीपर्यंत पोचणारा पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा २०११च्या नोव्हेंबरात कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाच्या रणजी प्रवेशाला पन्नासहून जास्त वर्षं उलटली होती.

परिस्थिती बदलायला सुरुवात झाली ती मैदानाबाहेर. २००८ साली नागपूर-वर्धा रस्त्यावर जामठ्याला विदर्भ क्रिकेट संघटनेचं नवं स्टेडियम उभं राहिलं. त्याच नोव्हेंबरात तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी झाली, सौरव गांगुलीची शेवटची. शहरातलं सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान होतंच. निवासी अकादमी सुरू झाली. यवतमाळ, अकोला, अमरावतीकडच्या मुलांना राहायला जागा, सरावाला चांगल्या खेळपट्ट्या आणि बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळू लागले. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा गोलंदाज म्हणून पुढे आला, तो याच काळात.

बाहेरचे अनुभवी खेळाडूही बोलावले गेले. कर्नाटकाकडून खेळलेला गणेश सतीश आला. २०१५मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. रणजीच्या इतिहासात सर्वाधिक धावा त्याच्या नावावर होत्या आणि मुंबईकडून खेळलेला एकही अंतिम सामना तो हरला नव्हता. २०१६-१७च्या मोसमात दुखापतीमुळे त्याला खेळता आलं नव्हतं, तरी संघटनेने कराराचे पैसे चुकते केले होते. त्याची जाण ठेवून २०१७-१८चा मोसम तो मोबदला न घेता खेळला. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

म्हणजे मैदान होतं, पोरं होती, वडीलधारे होते. उणीव होती ती जिंकायची सवय असलेल्या माणसाची.

तो माणूस त्याच सुमारास मोकळा झाला. चंद्रकांत पंडित हे रमाकांत आचरेकरांचे शिष्य, यष्टिरक्षक-फलंदाज. भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेले. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला, त्यात आजारी दिलीप वेंगसरकरच्या जागी तेच उतरले होते. पुढे ते मध्य प्रदेशाकडून खेळले. १९९८-९९ साली बंगळुरूला कर्नाटकाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला, तेव्हा मध्य प्रदेशाचे कर्णधार पंडितच होते. पहिल्या डावात आघाडी मिळाली होती. नुसता सामना वाचवला असता तरी करंडक त्यांचा होता. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि करंडक कर्नाटकाकडे गेला.

प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन करंडक मिळवून दिले. २०१७च्या जानेवारीत मुंबई पुन्हा अंतिम फेरीत होती. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातने चौथ्या डावात ३१२ धावांचा पाठलाग पुरा केला. पार्थिव पटेलने १४३ धावा काढल्या. मुंबई हरली, आणि पुढच्या मोसमासाठी मुंबईच्या संघटनेने पंडितांना ठेवलं नाही. विदर्भाने त्यांना बोलावलं.

पंडित कडक शिस्तीचे, हे क्रिकेटच्या वर्तुळात सगळ्यांनाच माहीत. सरावाला वेळेवर हजर राहायचं, ठरलेली कामं ठरलेल्या वेळीच करायची, आणि बाहेरून आलेला दिग्गज असो की नवखा पोरगा, नियम सगळ्यांना सारखे. मुंबई क्रिकेटमध्ये याला खडूसपणा म्हणतात आणि तिथे तो गुण समजतात: समोरच्याला फुकटची धाव द्यायची नाही, आपली विकेट फेकायची नाही, सामना हातातून निसटतोय असं दिसलं तरी मान टाकायची नाही. ही वृत्ती शिकवायला पंडित नागपूरला आले. त्यांच्या जोडीला गोलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून सुब्रतो बॅनर्जी होते, भारताकडून खेळलेले वेगवान गोलंदाज.

कर्णधार होता फैज फजल. नागपूरचाच हा डावखुरा सलामीवीर २००३पासून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत होता. २०१६च्या जूनमध्ये हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध त्याला भारताकडून एक एकदिवसीय सामना मिळाला. त्यात त्याने नाबाद ५५ धावा केल्या आणि त्यानंतर पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही. एवढ्यावर एखादा खचला असता. फजलने २०१७-१८च्या मोसमात पाच शतकं ठोकली.

त्या वर्षी रणजीत २८ संघ होते, सात-सातचे चार गट. प्रत्येकाला सहा सामने आणि गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत. विदर्भाच्या गटात बंगाल आणि पंजाब हे दोन वजनदार संघ होते. विदर्भाने सहापैकी चार सामने जिंकले. बंगालला तर बंगालमध्येच, कल्याणीच्या मैदानावर, दहा गडी राखून हरवलं. फजल आणि त्याचा सलामीचा जोडीदार संजय रामस्वामी दोघांनीही शतकं काढली. या जोडीने मोसमभर विदर्भाच्या डावाला पाया दिला: फजलच्या ९१२ धावा, संजयच्या ७७५. मधल्या फळीत जाफर आणि सतीश. अक्षय वखरेची ऑफस्पिन आणि आदित्य सरवटेची डावखुरी फिरकी एका बाजूने दाब ठेवायची. गटात विदर्भ ३१ गुणांसह पहिला आला.

बाद फेरीचे सामने त्रयस्थ मैदानांवर होते. डिसेंबरमध्ये विदर्भाला सुरतेला केरळाशी खेळायचं होतं, आणि त्याच दिवसांत नागपुरात, विदर्भाच्या घरी, मुंबई आणि कर्नाटक समोरासमोर होते. जामठ्याला पहिल्याच दिवशी कर्नाटकाच्या विनय कुमारने हॅट्‌ट्रिक घेतली, मुंबईचा डाव १७३ धावांत गुंडाळला आणि मुंबई डावाने हरून घरी गेली. तिकडे सुरतेला केरळाचा संघ पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत आला होता. श्रीलंकेला विश्वचषक जिंकून देणारे डेव्ह व्हॉटमोर त्यांचे प्रशिक्षक. विदर्भाचा पहिला डाव २४६वर आटोपला, पण केरळाला त्यांनी १७६वर रोखलं. दुसऱ्या डावात फजल आणि अपूर्व वानखडे यांनी शतकं काढली, पाचशेच्या वर धावा झाल्या आणि विदर्भ ४१२ धावांनी जिंकला. केरळाच्या पहिल्या डावात ३८ धावांत पाच बळी घेतले होते रजनीश गुरबानीने.

गुरबानी नागपूरचा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. वेग डोळे दिपवणारा नव्हता. पण चेंडू पुढे टाकायचा, दोन्हीकडे हलवायचा आणि यष्ट्यांच्या रेषेत ठेवायचा, हे तो दिवसभर न थकता करू शकायचा. मोसमाच्या सुरुवातीला तो अंतिम अकरांतही नव्हता. सहाच सामने त्याच्या वाट्याला आले, आणि त्यांत त्याने ३९ बळी घेतले.

उपांत्य सामना १७ डिसेंबरला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर सुरू झाला. समोर कर्नाटक. त्या मोसमात हजाराहून जास्त धावा कुटलेला मयंक अगरवाल, कसोटीत त्रिशतक काढलेला करुण नायर, आणि विनय कुमार, अभिमन्यू मिथुन यांचा तिखट मारा. विदर्भ १८५ धावांत बाद झाला. मिथुनने पाच बळी घेतले. कर्नाटकाने ३०१ धावा केल्या, त्यांतल्या १५३ एकट्या करुण नायरच्या. विदर्भ ११६ धावांनी मागे पडला. अशा वेळी जुना विदर्भ गळून पडला असता, आणि आधीच्या साठ वर्षांत तसं पुष्कळदा झालं होतं.

या वेळी मात्र फलंदाज चिवटपणे उभे राहिले. गणेश सतीशने आपल्या जुन्या संघाविरुद्ध ८१ धावा काढल्या. तळाला सरवटेने ५५. दुसरा डाव ३१३पर्यंत गेला. कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या. हे लक्ष्य मोठं नव्हतं. पण गुरबानी आणि उमेश यादव यांनी चौथ्या दिवसाच्या उन्हात एकेक गडी टिपायला सुरुवात केली. दिवस संपला तेव्हा कर्नाटक ७ बाद १११. अजून ८७ धावा हव्या आणि तीन गडी शिल्लक.

२१ डिसेंबरची सकाळ विदर्भाच्या क्रिकेटमधली सगळ्यांत लांब सकाळ ठरली. नाबाद होते कर्णधार विनय कुमार आणि श्रेयस गोपाळ. विनय ३६वर बाद झाला, तेव्हा सामना विदर्भाच्या हातात आल्यासारखा वाटला. पण मिथुनने बॅट फिरवायला सुरुवात केली. चौकार जायला लागले, धावफलक पळायला लागला. दीडशे, एकशे ऐंशी. एक टोक गोपाळने घट्ट धरून ठेवलं होतं. मिथुनने ३३ धावा झोडपल्या आणि विजय हाकेच्या अंतरावर असताना गुरबानीच्या चेंडूवर झेल देऊन तो परतला. शेवटचा फलंदाज श्रीनाथ अरविंद मैदानात उतरला. आता एखादा चौकार आणि थोड्या धावा एवढंच अंतर. इथे गोलंदाज घाबरून आखूड टाकतो किंवा पायावर देतो. गुरबानीने चेंडू पुढेच टाकत ठेवला. अरविंदने झेल दिला, धावफलकावर १९२ होते, आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. सकाळचे तिन्ही बळी गुरबानीचे. त्या डावात ६८ धावांत सात, सामन्यात १६२ धावांत बारा.

अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर होता. ज्या मैदानावर वर्षभरापूर्वी पंडितांची मुंबई हरली होती, त्याच मैदानावर २९ डिसेंबर २०१७ रोजी ते विदर्भाला घेऊन उतरले. प्रतिस्पर्धी दिल्ली: सात वेळा विजेता संघ, कर्णधार ऋषभ पंत, सलामीला गौतम गंभीर. विदर्भाचा सगळ्यांत अनुभवी वेगवान गोलंदाज उमेश यादव कसोटी संघासोबत दक्षिण आफ्रिकेला निघून गेला होता. त्याच्या जागी एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेला पदार्पणाची संधी दिली गेली, ती थेट रणजीच्या अंतिम सामन्यात.

नाणेफेक जिंकून फजलने क्षेत्ररक्षण घेतलं. पहिला दिवस बराचसा दिल्लीच्या ध्रुव शोरीचा होता. दिवसअखेर दिल्ली ६ बाद २७१, शोरी शतकाच्या पुढे आणि नाबाद. डाव साडेतीनशेच्या पुढे नेण्याची दिल्लीला उमेद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने सामना फिरवला. एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी, दोघेही त्रिफळाचीत. मध्ये दुसऱ्या टोकाचं एक षटक गेलं. गुरबानी पुन्हा चेंडू घेऊन धावत आला तेव्हा समोर १४५ धावांवर खेळणारा शोरी होता, सामन्यातला सगळ्यांत स्थिरावलेला फलंदाज. पहिलाच चेंडू, आणि त्याच्याही यष्ट्या उडाल्या. तीन चेंडू, तिघे त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी एकच हॅट्‌ट्रिक झाली होती: १९७२-७३ साली तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी मुंबईविरुद्ध घेतलेली. दिल्ली २९५वर सर्वबाद, गुरबानी ५९ धावांत सहा बळी.

त्यानंतर विदर्भाने जे केलं त्यात पंडितांची शिकवण सगळ्यांत स्वच्छ दिसते. २९५ ओलांडले की पहिल्या डावाची आघाडी मिळते आणि सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आपला. पण एवढ्यावर समाधान मानायला कुणी तयार नव्हतं. फजलने ६७, जाफरने ७८ धावा केल्या. मग सहा गडी बाद झाल्यावर पंचविशीच्या आतला यष्टिरक्षक अक्षय वाडकर आणि सरवटे यांनी दिल्लीचे गोलंदाज दमवले. दोघांची भागी १६९ धावांची. सरवटे ७९वर गेला, तर सिद्धेश नेरळने येऊन ७४ काढल्या. वाडकर १३३पर्यंत खेळला. त्याचं हे पहिलंवहिलं प्रथम श्रेणी शतक. विदर्भाचा डाव ५४७वर संपला, आघाडी २५२ धावांची.

दिल्लीकडे आता सामना वाचवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. शोरी आणि नीतिश राणा यांनी अर्धशतकं काढून थोडा वेळ किल्ला लढवला. वखरे आणि सरवटे यांच्या फिरकीने तोही पडला. चार बळी वखरेचे, तीन सरवटेचे. दिल्ली २८०वर आटोपली. जिंकायला हव्या होत्या २९ धावा. वसीम जाफरने धडाधड चौकार मारून त्या पुऱ्या केल्या. तारीख १ जानेवारी २०१८, विदर्भ नऊ गडी राखून विजयी. पाच दिवसांचा सामना चार दिवसांतच संपला होता.

हा चमत्कार एका मोसमापुरता आहे, असं तेव्हा म्हणता आलं असतं. पुढच्या घटनांनी ते खोटं ठरवलं. त्याच हिवाळ्यात विदर्भाच्या १९ वर्षांखालील मुलांनी कूचबिहार करंडक जिंकला, आणि अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने त्रिशतक ठोकलं. मार्चमध्ये नागपुरात इराणी करंडकाचा सामना झाला. शेष भारताविरुद्ध विदर्भाने ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला, त्यांत जाफरच्या २८६. पुढच्या वर्षी, २०१९च्या फेब्रुवारीत, जामठ्यालाच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने रणजी करंडक राखला. त्या सामन्यात सरवटेने अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच बाद केलं. लागोपाठ दुसरा इराणी करंडकही विदर्भाकडेच आला. पुलवामाच्या हल्ल्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते. बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना देत असल्याचं फजलने जाहीर केलं.

पंडित नंतर मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. २०२२च्या जूनमध्ये, कर्णधार म्हणून जिथे करंडक हुकला होता त्या बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर, त्यांच्या मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवलं. मध्य प्रदेशाचाही तो पहिलाच रणजी करंडक होता.

त्यांच्याविना विदर्भाची घडी विस्कटली नाही. २०२३-२४मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत होता, वानखेडेवर मुंबईकडून हरला. २०२४-२५मध्ये तिसरा करंडक आला, तोही जामठ्याला. प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी, आणि कर्णधार होता इंदूरच्या अंतिम सामन्यात पहिलं शतक काढणारा अक्षय वाडकर. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा नवा विक्रम केला. दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ धावा काढल्या. ईडनवर विदर्भाला १५३ धावांचा तडाखा देणारा करुण नायर आता विदर्भाकडून खेळत होता, आणि दुसऱ्या डावात त्याने १३५ केल्या. समोरचा संघ केरळ, पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचलेला. त्या संघात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, ज्याला जामठ्याची खेळपट्टी पाठ होती: आदित्य सरवटे.